आत्याबाईंचं महाबळेश्वर

आत्याबाईंना मनापासून आवडलेली गोष्ट मी उभ्या जन्मात एकच पाहिली, आणि तीही त्यांनी कबूल केली नाही. बाकी जगात जे जे होतं, त्या सगळ्याला त्यांचं नाक पुरून उरायचं. लांब, टोकाशी किंचित वाकलेलं ते नाक डावीकडे वळलं की समजावं, वस्तू टाकाऊ आहे. उजवीकडे वळलं की आणणारा टाकाऊ आहे. मागाहून ठरलेलं वाक्य यायचं, "ह्यात काय हाय?" बोर्लीच्या बाजारातून आणलेलं लुगडं असो, शेजारी झालेलं बाळ असो की म्हसळ्याहून आलेला कोणी सरकारी साहेब असो, सगळ्यांना एकच माप. मी लग्न होऊन त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा आत्याबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि नाक आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरलं. म्हणजे मी टाकाऊ आणि मला पसंत करणारा माझा नवराही टाकाऊ.

आत्याबाई म्हणजे माझ्या यजमानांच्या सख्ख्या आत्या. यजमान लहान असतानाच त्यांची आई गेली, तेव्हापासून आत्याबाईंनीच त्यांना वाढवलं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, पण त्या सासरी नांदत नव्हत्या. नवरा मुंबईला गोदीत कामाला आहे, एवढंच गावाला ठाऊक. का नांदत नाही, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. आमचं घर सावित्रीच्या खाडीकाठी, हरिहरेश्वरच्या अलीकडे. थोडी भातशेती, सासरे दम्याने खाटेला खिळलेले, आणि सगळा कारभार आत्याबाईंच्या हाती. माझ्या वडिलांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "आमाला सून नको, दोन हात हवेत. त्येला बाई चिकटलेली असंल तर असू दे."

नवरा मुंबईत, बायको गावी शेतात, आणि शिमग्याला नि गणपतीला काय ती भेट, ही तेव्हा आमच्याकडची रीत होती. मी म्हसळ्यात वाढलेली, सातवी पास झालेली. मला ती रीत नको होती. मला नवऱ्याबरोबर मुंबईला राहायचं होतं, मग खोली खुराड्याएवढी का असेना. पण ज्या माणसाशी लग्नाआधी चार शब्दही बोलले नव्हते, त्याच्यापाशी हे काढायचं कसं? आणि त्याने होकार दिला तरी आत्याबाईंना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधणारा आमच्या घरात जन्मला नव्हता.

यजमान मुंबईत एका कचेरीत कारकून होते. इंग्रज देश सोडून गेला होता, पण ह्यांच्या डोक्यातून तो निघाला नव्हता. लग्न ठरल्यावर ह्यांनी पहिली खरेदी केली ती हॅटची. कचेरीतल्या कोणीतरी कानात सोडलं की मुंबईची नवी जोडपी महाबळेश्वरला जातात. झालं. लग्नाचा मांडव उतरला न उतरला तोच ह्यांनी पडवीत उभं राहून जाहीर केलं, "आम्ही महाबळेश्वरला जाणार आहोत."

आत्याबाईंचं नाक जागच्या जागी राहिलं. आमच्याकडे नवं जोडपं वडीलधाऱ्याला घेऊन देवाला जातं आणि देवीची ओटी भरतं. महाबळेश्वर म्हणजे देव, शिवाय आमच्या सावित्रीचा उगम तिथला. देवाखेरीज आणखी कशासाठी तिथे कोणी जात असेल, हे आत्याबाईंच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

"एवढी अक्कल कुटनं आली तुला?" त्या म्हणाल्या. "कवा निघायचं?"

ह्यांनी हॅट काढली, परत घातली, पुन्हा काढली. अशा रीतीने आमचा हनिमून तिघांचा झाला.

खाडीतून लाँचने दासगाव, तिथून एसटीने महाड, पोलादपूर आणि पुढे घाट. सगळ्या प्रवासात हे हॅट घालून पुढच्या बाकावर आणि मी मागे आत्याबाईंशेजारी. आमच्या मधोमध त्यांचं गाठोडं. त्यात जाडा तांदूळ, आमसुलं, ओटीचा खण, परसातला नारळ आणि देव्हाऱ्यातला पितळी गडू. घाटात निम्मी गाडी ओकाऱ्या काढत होती. आत्याबाई ताठ बसल्या होत्या. "सरळ रस्ता करायला आला न्हाय म्हनून वळवत वळवत नेलाय," एवढाच घाटावरचा त्यांचा अभिप्राय.

आणि ते गाव! साहेब निघून गेला होता, पण त्याचं गाव मागे राहिलेल्यांनी असं झाडूनपुसून ठेवलं होतं की जणू तो पलीकडच्या बाजारात गेलाय आणि जेवायच्या वेळेला परतणार आहे. उतरती कौलं, त्यांवर धुरांडी, लाकडी कठड्यांच्या ओसऱ्या, फाटकावर इंग्रजी नावाच्या पाट्या. आम्ही उतरलो त्या बंगल्याच्या नावात गुलाब होता. दारात गुलाब सोडाच, साधी तगरही नव्हती. रस्त्यात मुंबईचे शेठ घोड्यावर बसून जिवाच्या आकांताने खोगीर धरून चालले होते आणि त्यांच्या बायका लोकरीचे कोट घालून घाम पुसत होत्या. मे महिन्यात कोट! थंडी नसली तरी थंडीला आल्यासारखं दिसलं पाहिजे, हा तिथला नियम असावा. मी म्हसळ्याची, फार जग पाहिलेलं नाही, पण एवढा मोठा पोरखेळ मोठ्या माणसांनी मांडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

आमच्या खोलीत भिंतीत एक शेकोटी होती. साहेबांच्या काळी तीत लाकडं जळायची. आता नुसती शोभेला ठेवली होती आणि वर कागदाची फुलं खोचली होती. आत्याबाईंनी वाकून आत पाहिलं. "चूल भिंतीत बांधलीय मेल्यांनी. वैलाचा पत्ता न्हाय, बसायला जागा न्हाय." असं म्हणून त्यांनी फुलं काढून बाजूला ठेवली, आवारातून वाळक्या काटक्या गोळा करून आणल्या आणि भात चढवला. वरचं धुरांडं केव्हाच बुजलेलं असणार. सगळा धूर खोलीत, खोलीतून ओसरीवर. व्यवस्थापक धावत आला. पलीकडच्या खोलीतलं एक जोडपं खोकत बाहेर पडलं.

"अहो बाई, हे काय करताय? ही चूल नाहीये!"

"मग काय हाय?"

"ही... ही शोभेसाठी असते."

आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. नाक उजवीकडे वळलं. "विस्तव न्हाय, भात न्हाय, आन म्हने शोभा," त्या म्हणाल्या आणि भाताला वाफ येईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. आम्ही तिघांनी तो धुरकट भात आमसुलाच्या सारासोबत खाल्ला. त्या गावात मी खाल्लेलं तेवढंच एक खरं जेवण. बाकी सगळं पावात किंवा बशीत होतं. हौसेने ह्यांनी स्ट्रॉबेरी आणल्या, तर आत्याबाईंनी एक चाखून बाकीच्या परत केल्या. "पिकू तरी द्यायची. आमची करवंदं बरी, फुकट असून गोड लागत्यात."

संध्याकाळी बॉम्बे पॉइंटला गेलो. त्या गावात डोंगराच्या प्रत्येक टोकाला पॉइंट म्हणतात, आणि एकदा पॉइंट म्हटलं की तिथे कठडा येतो, चणेवाला येतो आणि कोट घातलेली माणसं येतात. शेदोनशे माणसं पश्चिमेकडे तोंड करून उभी होती.

"ही कसली गर्दी?" आत्याबाईंनी विचारलं. "कोन गेलं?"

"सूर्यास्त बघायला जमलेत," हे म्हणाले.

आत्याबाईंनी डोळ्यांवर हात धरून खाली पाहिलं. खाली धुक्यात आमचं कोकण पसरलेलं होतं. "ह्यो तर आमच्याकडं बुडतोय!" त्या म्हणाल्या. "रोज पडवीतनं दिसतो. ह्ये येवडे वर चढून आमचं घर बघत्यात व्हय?" तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, ह्यांच्या डोक्यावरची हॅट उचलली गेली आणि कठड्यावरून दरीत गेली. हे नुसते बघत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "गेली कोकणात. आपल्या आधी घरी पोचंल."

हॅट गेल्यामुळे हे जरा माणसात आले. दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो. होड्यांसाठी लोक रांगा लावून उभे होते. खाडीकाठच्या माणसाला होडीची हौस ती काय! आत्याबाईंनी होडीवाल्याला विचारलं, "हितनं जायाचं कुटं?"

"कुठं न्हाई, आज्जी. तळं हाय. फिरून हितंच यायचं."

"मंग मी हितंच बसते," आत्याबाई म्हणाल्या आणि काठावर गाठोडं टेकून बसल्या.

आम्ही दोघं होडीत बसलो. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या मध्ये ना आत्याबाई होत्या, ना त्यांचं गाठोडं. मी पाण्याकडे बघत, सगळं धैर्य एकवटून म्हटलं, "मला मुंबईला यायचंय."

हे म्हणाले, "मलाही वाटतं गं. पण मिरग तोंडावर आलाय. आत्या एकटी काय काय करील? ही लावणी होऊ दे. लावणी झाली की नेतो."

मला तेवढंही पुष्कळ वाटलं. होडी फिरून परत काठाला लागली तेव्हा माझं तोंड बहुधा उजळलेलं असावं, कारण आत्याबाईंनी उतरता उतरताच विचारलं, "काय म्हनत व्हता?"

खोटं बोलायची सवय नव्हती. सांगून टाकलं, "लावणी झाली की मुंबईला नेतो म्हणाले."

मला वाटलं, आता नाक वळणार आणि माझी धडगत नाही. पण नाक हललं नाही. आत्याबाई उठल्या, गाठोडं उचललं आणि चालू लागल्या. त्या दिवशी रात्रीपर्यंत त्यांनी कशालाच नाव ठेवलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी क्षेत्राला गेलो. कोटवाल्यांच्या गावापासून ते दोन-तीन मैलांवर आहे, आणि तिथे कोट घातलेलं कोणी नव्हतं. जुनं दगडी देऊळ, आत पाच नद्या उगम पावतात आणि सगळ्यांचं पाणी मिळून एका गोमुखातून कुंडात पडतं. आत्याबाई त्या धारेसमोर उभ्या राहिल्या. "हीच सावित्री?" त्यांनी पुजाऱ्याला विचारलं. तो हो म्हणाला. "येवडीशी? आमच्याकडं हिच्यात लाँच चालती." तरी त्यांनी खण-नारळाने ओटी भरली, माझ्याकडून हळदकुंकू वाहवलं आणि गडू धारेखाली धरून भरून घेतला.

पुजाऱ्याने ओघात कथा सांगितली. ब्रह्मदेवाने इथे यज्ञ मांडला होता. मुहूर्त आला तरी सावित्री पोचेना. पत्नी शेजारी नसेल तर यज्ञ कसा व्हायचा? म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवलं. तेवढ्यात सावित्री आली, आपल्या जागी दुसरी बसलेली पाहिली आणि तिने सगळ्या देवांना शाप दिला, तुम्ही नद्या व्हाल. उलट्या शापाने तीही नदी झाली. देवांच्या नद्या देशावर गेल्या. सावित्री मात्र रागाने कड्यावरून कोकणात उतरली.

"तिला उशीर का झाला?" आत्याबाईंनी विचारलं.

पुजाऱ्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नसावा. तो म्हणाला, "पोथीत तसं काही दिलेलं नाही."

"पोथी लिवनारा बापय असनार," आत्याबाई म्हणाल्या. "घरातलं आवरीत बसली असंल. बाईला दुसऱ्या कशानं उशीर व्हतो?"

बाहेर येऊन त्या देवळाच्या पायरीवर बसल्या. हे पलीकडे चहा शोधायला गेले होते. आत्याबाईंनी गडू मांडीवर धरला होता, त्यातलं पाणी सांडू नये म्हणून तोंडावर तळहात ठेवलेला. समोर बघतच त्या बोलायला लागल्या.

"मला बी म्हनला व्हता, लावनी झाली की नेतो. लावनी झाली. मंग कापनी आली. मंग सासूचं येक अंग गेलं, तिचं सगळं काडलं. ती गेली, तिचं दिवस घातलं, भांडी घासली, दारं लावली, आन गाठोडं बांदून बोटीनं मुंबईला गेले. खोलीचं दार उगडं. चुलीम्होरं माज्या पाटावर दुसरीच बसलेली. भाकऱ्या थापीत व्हती." इथे नाक डावीकडे वळलं. "भाकरी बी धड न्हाय. कडा फाटलेल्या."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? उंबऱ्यावरनंच माघारी फिरले. ह्यात काय हाय?"

एवढं बोलून त्या उठल्या. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायची सोय नव्हती. ते वाक्य मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकलं असेल. ते कशावर घट्ट बसवलेलं झाकण होतं, हे मला त्या पायरीवर कळलं.

परतीला महाडच्या स्टँडवर आमचे रस्ते वेगळे होणार होते. ह्यांची रजा संपली होती. हे तिथूनच मुंबईच्या गाडीने जाणार, आणि मी आत्याबाईंबरोबर दासगावला जाऊन लाँच धरणार. ह्यांची ट्रंक टपावर चढली. तेवढ्यात आत्याबाईंनी माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि टपावरच्या माणसाला दिली.

"आत्या, ती हिची पिशवी आहे," हे म्हणाले.

"तिचीच हाय म्हनून चढवली."

"अगं पण खोलीत मी एकटा नाही. गावचा एक जण आहे."

"त्येला म्हनावं, दुसरी बघ."

"पण लावणी झाली की मी—"

"लावनीचं नाव काडशील तर टाळक्यात गडू घालीन!" सगळा स्टँड वळून बघायला लागला. "माजी लावनी मी बघंन. तुज्या जन्माच्या आदीपासनं भात लावतेय मी."

ह्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "आमची दोघांची नीट ओळख नाही अजून. भांड्याला भांडं लागलं तर तिथे आहे कोण समजवायला?"

"लागू दे की. लागायचंच. पन येका घरात लागू दे."

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी दंडाला धरून मला गाडीत ढकललं. मी खिडकीशी बसले. हे संकोचाने पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. आत्याबाईंनी बाहेरून गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. "तितं काय बसलास परक्यावानी? हिकडं ये. तिच्याशेजारी बस." हे उठून माझ्या शेजारी आले. आत्याबाई खिडकीखाली उभ्या राहून आम्हा दोघांकडे बघत राहिल्या. नाक डावीकडे गेलं नाही, उजवीकडेही गेलं नाही. त्यांना मनापासून आवडलेली, मी पाहिलेली ती एक गोष्ट हीच. मग त्या भानावर आल्या. "ही यष्टी हाय का खटारा? काच बी न्हाय खिडकीला," असं म्हणाल्या आणि गाठोडं नि गडू सावरत दासगावच्या गाडीकडे चालू लागल्या. मागे वळून पाहिलं नाही.

ज्या दोन हातांसाठी मला आणलं होतं ते मुंबईला गेले आणि शेत त्यांच्या एकटीच्या अंगावर पडलं. त्या वर्षी आवणात, रोपं लावता लावता, त्यांची कंबर वाकली, ती पुन्हा सरळ झाली नाही. आम्ही दर गणपतीला जायचो. मी काही बोलायला लागले की त्या म्हणायच्या, "मुंबईचं पानी लागलंय हिला, लई बोलती." माझी मुलगी झाली तेव्हा त्या एकदाच मुंबईला आल्या. खोलीला खुराडं म्हणाल्या, नळाला मुताची धार म्हणाल्या, मुलीचं नाक पाहून मात्र गप्प बसल्या, कारण ते त्यांचंच होतं. गोदीचं नाव त्यांनी काढलं नाही. माझी भाकरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "कडा फाटल्यात," म्हणाल्या, आणि दोन खाल्ल्या.

मग एका आषाढात तार आली. लाँच पावसाळ्यात बंद. मुलांना शेजारी सोपवलं, त्यांचं जेवणखाण लावून दिलं, घर बंद केलं आणि आम्ही एसटीने निघालो. वाटेत ओढ्याला पूर, गाडी अडकून पडली. पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती.

आत्याबाई ओटीवर अंथरुणात पडून होत्या. भोवती आळीतल्या बायका जमिनीवर बसलेल्या. उशाशी मात्र एक पाट मांडलेला होता, रिकामा. शेजारी तोच पितळी गडू आणि तुळशीची पानं. शेजारची काकू माझ्या कानाशी लागून म्हणाली, "कालपासनं पानी घालायला बगतोय, दात उगडत न्हाय. मी म्हनलं, सून काय पोचत न्हाय, मी बसते पाटावर. तर म्हनली, यील ती. घरातलं आवरीत बसली असंल. तिच्या पाटावर कोन बसू नका."

मी चिंब भिजलेली, लुगड्याचं पाणी ओटीवर गळत होतं. पावलांच्या आवाजाने आत्याबाईंनी डोळे उघडले. माझ्या ओल्या लुगड्याकडे पाहिलं. नाक अगदी थोडं, पण डावीकडे वळलं.

"झालं आवरून?" त्यांनी विचारलं.

"झालं, आत्याबाई," मी म्हटलं आणि पाटावर बसले.